साइटवरचा दुतोंड्या मारुती

(सर विश्वेश्वरय्या यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ द्वारका, नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या स्मृतीचं व्याख्यान नाशिकमध्ये होणं फार उचित आहे. पुण्यात अभियांत्रिकी शिकून ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, आणि त्यांची पहिली नेमणूक झाली ती नाशिकला. म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागर, १९५५ चा भारतरत्न या साऱ्या पुढच्या गोष्टी. नोकरीची सुरुवात त्यांनी आपल्या गावात केली. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून साजरा करतो, फोटोला हार घालतो. आज मला त्यांच्या एकाच कामाची आठवण करून द्यायची आहे आणि ते काम आपल्या आजच्या साइटवर आणायचं आहे.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर १९०३ साली त्यांनी आपल्या कल्पनेचे स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत असलं की दरवाजे बंद. पातळी ओलांडली की पाण्याच्याच जोरावर ते उघडणार, आणि पूर ओसरला की आपोआप मिटणार. या दरवाजांमुळे धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला, म्हणून त्यांचं कौतुक झालं. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. मध्यरात्री कुणाला जाग आली का, निरोप पोहोचला का, साहेब गावात आहेत का, यातल्या कशावरही तो दरवाजा अवलंबून नव्हता. कोणत्या पातळीला काय करायचं, हे पाणी येण्याच्या कितीतरी आधी, डोकं शांत असताना ठरलेलं होतं.

आता दुसरी गोष्ट, आपल्या घरची. गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर किती आला, हे नाशिककर क्युसेकमध्ये विचारत नाही. तो विचारतो, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, की गळ्याला? आणि हे विचारणारा नुसता उत्सुकतेनं विचारत नाही. सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानदाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं की पाणी मारुतीच्या अमुक जागी आलं, की खालच्या फळीवरचा माल वर घ्यायचा. आणखी चढलं, की दुकान रिकामं करायचं. नारोशंकराच्या मंदिराच्या घंटेला पाणी लागलं, तर मग बोलायलाच नको. १९६९ चा महापूर, सप्टेंबर २००८ चा, ऑगस्ट २०१६ चा आणि ऑगस्ट २०१९ चा पूर या गावानं असेच मारुतीच्या अंगावर मोजले.

खडकवासल्याचा दरवाजा आणि गोदेतला मारुती, दोघांचं काम एकच आहे. पातळी आणि कृती यांची गाठ आधीच मारून ठेवलेली आहे. आज मी जे मागणार आहे ते एवढंच आहे: आपल्या प्रत्येक बांधकामाच्या जागेवर असा एक मारुती हवा.

*

ही मागणी मला पुस्तकातून सुचली नाही. माझ्या एका चुकीतून सुचली. ती आधी सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी शहरातल्या एका कामावर मी साइट इंजिनियर होतो. तळघराचं खोदकाम चालू होतं. निघालेली काळी माती आम्ही प्लॉटच्या कडेला, पावसाळी गटाराच्या चेंबरलगत रचली होती, कारण डंपरला तिथून भरणं सोपं पडे. दुपारी पावसाच्या ऑरेंज अलर्टचा मेसेज आला. मी तो साइटच्या ग्रुपवर पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सर्वांनी काळजी घ्यावी.’ भराभर अंगठे आले. मला वाटलं, आपलं काम झालं. संध्याकाळी मी घरी गेलो. रात्री नऊनंतर पाऊस कोसळला. ढिगाची एक बाजू खचली, चिखल चेंबरमध्ये उतरला, गटार तुंबलं आणि मागच्या गल्लीतल्या घरांत पाणी उलटं चढलं.

सकाळी गेलो तेव्हा एक आजी उंबऱ्यावर बसून भिजलेला गहू सुपात पसरत होत्या. वर्षाचं धान्य होतं ते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “साहेब, पाऊस येनार ते तुम्हाला म्हाईत होतं का?”

मी म्हणालो, “हो, आजी.”

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं, तर मी सुटलो असतो. पण मला ठाऊक होतं. इशारा माझ्या खिशात होता आणि त्याला जोडलेलं एकही काम माझ्या साइटवर नव्हतं.

तेव्हापासून माझी एक धारणा झाली आहे. पाऊस आपला नसतो. पण आपल्या कुंपणातून बाहेर पडणारं पाणी आपलं असतं. ते गढूळ आहे की निवळ, सावकाश जातं की लोंढ्यानं, कुणाच्या दारात जातं, याचा हिशेब आपल्यालाच द्यायचा असतो.

*

आता हा इशारा येतो कुठून, ते पाहू. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. जानेवारी २०२५ मध्ये त्याला दीडशे वर्षं झाली. आपल्यापर्यंत त्याचे निरोप तीन वेगवेगळ्या मुदतींचे येतात. पुढच्या चार-पाच दिवसांचा जिल्हावार अंदाज असतो. त्यावर रंग चढवलेला रोजचा इशारा असतो. आणि रडार व उपग्रह पाहून दिलेला, पुढच्या तीन तासांपुरता तात्काळ अंदाज असतो. रंगांचा अर्थ सरळ आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे कृती करा.

‘जोरदार’ हा शब्द आपण सैल वापरतो. खात्याच्या भाषेत तो मापाचा आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. हे आकडे साइटच्या मापात आणून पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे साधारण चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटर. ‘जोरदार’च्या अगदी उंबरठ्यावरचा, ६५ मिलिमीटरचा पाऊस एका एकराच्या प्लॉटवर दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर पाणी ओततो. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर! सव्वीस टँकर आपल्या गेटातून आत यायचे असते, तर आपण वाट, उतार, रिकामं करायची जागा, सगळं आखलं असतं. तेच पाणी आभाळातून येतं, तेव्हा आपण ताडपत्री शोधत फिरतो.

आणि हे पाणी नुसतं राहत नाही. ते माती घेऊन जातं. इथे आपल्या नाशिकच्या मातीचा स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. खाली बेसाल्टचा खडक, वर मुरूम, आणि त्यावर अनेक ठिकाणी काळी चिकण माती. मातीचे कण पाण्यात किती वेगानं बसतात, ते प्रयोगशाळेत शिकलेल्यांना आठवत असेल. वीस मायक्रॉनचा गाळाचा कण दहा सेंटिमीटर खाली जायला पाच मिनिटंही घेत नाही. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण तेवढ्याच अंतराला जवळजवळ आठ तास घेतो. म्हणजे एक मीटर खोलीच्या शांत खड्ड्यात त्याला तळ गाठायला तीन दिवसांहून जास्त लागतील. आणि पावसाळ्यात तीन दिवस शांत पाणी कुठून आणायचं?

सबंध विषयाचं मर्म या एका आकड्यात आहे, असं मला वाटतं. काळी माती एकदा पाण्यात मिसळली की साइटवर तिला परत पकडणं जवळपास अशक्य आहे. गाळाचा खड्डा वाळू पकडेल, जाड गाळ पकडेल. चिकणमाती त्यावरून तरंगत नदीला जाईल. तेव्हा जे काही करायचं ते पाण्याचा थेंब मातीला लागण्याआधी. ढीग झाकणं, उतार मोडणं, बांध घालणं, वाट काढून देणं ही सगळी कामं कोरड्यात होतात. आणि कोरड्यातला वेळ किती उरला आहे, हे फक्त इशारा सांगतो. हवामानाचा अंदाज साइटसाठी बातमी नाही. तो कामाचा तास आहे.

सिमेंटचंही असंच आहे. मिक्सर, ढकलगाडी, रेडी-मिक्स काँक्रीटची गाडी धुतलेलं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं. ते नाल्यात गेलं तर जलचरांना मारक ठरतं. धुण्याचा खड्डा उघडा ठेवला आणि रात्री पाऊस आला, तर तो भरून वाहणारच.

*

हे पाणी जातं कुठे? या सभागृहाबाहेर उभं राहून विचार करा. इथे मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकमेकांना भेटतात, वरून उड्डाणपूल जातो. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला पुणे रस्त्यावर थोडं पुढे गेलं की नासर्डी. नासर्डी म्हणजेच नंदिनी. सातपूर, उंटवाडी, मुंबई नाका करत ती टाकळीला गोदावरीला मिळते. त्या संगमावर समर्थ रामदासांनी तपश्चर्या केली. समर्थांनी जिथे पाण्यात उभं राहून जप केला असं आपण मुलांना सांगतो, तिथवर आपल्या साइटचा चिखल पोहोचतो, हे मात्र आपण त्यांना सांगत नाही.

काँक्रीटनं झाकलेल्या शहरात पाणी मुरत नाही, ते धावतं. गटाराच्या पाइपाचा निम्मा भाग राडारोड्यानं भरला, तर महापालिकेनं मोजूनमापून बांधलेली वाहिनी निम्म्या ताकदीची होते. मग साठलेल्या पाण्याला आपण पूर म्हणतो. २००८ नंतर नाशिकमध्ये पूररेषा आखल्या गेल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. त्या रेषा नदीच्या पुराच्या आहेत. तुंबलेल्या चेंबरमुळे येणाऱ्या पुराला रेषा नसते. तो कुठल्याही गल्लीत येतो.

कायद्यानं हे सोडून दिलेलं नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं २४ वं कलम प्रवाहात प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून जाऊ देण्यास मनाई करतं. प्रवाह अडून प्रदूषण वाढेल असे पदार्थही त्यात आले. २०१६ च्या बांधकाम आणि पाडकाम कचरा नियमांनी सांगितलं होतं की राडारोडा आपल्याच आवारात ठेवायचा, त्यामुळे वाहतूक, लोक किंवा नाले-गटारं अडता कामा नयेत; आणि दिवसाला वीस टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला तीनशे टनांहून अधिक कचरा करणाऱ्यानं वर्गीकरण करून आराखडा द्यायचा. वीस हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते.

म्हणजे काय होऊ नये, ते आपला कायदा सांगतो. पण त्यासाठी कधी उठायचं, हे तो सांगत नाही. इथे दुसऱ्या एका मुलखातला दाखला उपयोगी आहे. अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून मोठी जमीन उकरणाऱ्या कामाला पावसाच्या पाण्याचा परवाना लागतो. तिथल्या केंद्रीय परवान्यात तपासणीचा एक पर्याय असा आहे: दर चौदा दिवसांनी तपासणी करायची, आणि पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त पाऊस झाला की चोवीस तासांच्या आत पुन्हा करायची. कॅलिफोर्निया राज्य २००९ मध्ये आणखी एक पाऊल पुढे गेलं. जोखमीच्या साइटवर पावसाची शक्यता अंदाजात पन्नास टक्के किंवा अधिक दिसली, की पाऊस येण्याच्या अठ्ठेचाळीस तास आधी त्या पावसापुरता कृती आराखडा लिहून तयार हवा, असा नियम तेव्हा केला गेला. अंदाज पाहणं त्या नियमानं व्यवस्थापकाच्या मर्जीवर ठेवलेलं नव्हतं; अंदाजाचा आकडा हाच त्यांचा दुतोंड्या मारुती होता.

आपण तो नियम जसाच्या तसा उचलावा असं मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियात वर्षातले मोजके दिवस पाऊस पडतो. आपल्याकडे श्रावणात रोज पन्नास टक्के शक्यता असेल. रोज नवा कागद लिहीत बसलो तर महिनाभरात तो कागदच उरेल. आपल्याला आपल्या पावसाला शोभेल अशी रीत हवी.

*

ती रीत मी अशी मांडतो.

पहिली गोष्ट, साइटचं पाणी ओळखा. जूनच्या आधी एका पानाच्या नकाशावर चार खुणा करा: पाणी कुठून आत येतं, कुठे साठतं, कुठून बाहेर जातं, आणि बाहेर गेल्यावर पहिलं कुणाच्या दारात जातं. चौथी खूण बहुतेक नकाशांवर नसते. ती आधी करा.

दुसरी गोष्ट, रंगाला काम जोडा आणि कामाला माणूस जोडा. पाच दिवसांच्या अंदाजात जोराचा पाऊस दिसला, की नवं खोदकाम उघडायचं नाही, उघडलेलं पुरं करायचं, गटाराकडेचा ढीग हलवायचा, आणि स्लॅबची तारीख पुन्हा पाहायची. पिवळा आला, की मुकादमानं चेंबरची तोंडं, गाळाचा खड्डा आणि गेटाजवळचा खडीचा पट्टा पाहायचा. मड पंप चालू करून बघायचा, डिझेल आहे का ते बघायचं. नारिंगी आला, की उरलेला प्रत्येक ढीग ताडपत्रीनं झाकून कडांवर वाळूची पोती ठेवायची, धुण्याचा खड्डा उपसायचा, सिमेंट आणि रंगाचे डबे उंचावर, आणि रात्रपाळीला एक जबाबदार माणूस साइटवर. लाल आला, की खड्ड्यात कुणी उतरायचं नाही, क्रेन बंद, सेंट्रिंगवर माणूस नाही, आणि खालच्या अंगाच्या वस्तीला निरोप. तीन तासांच्या तात्काळ अंदाजात विजा दिसल्या, तर रंग कुठलाही असो, उंचावरचं काम थांबवायचं; पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप वीज जवळ आल्याचं सांगतं.

ही सगळी कामं आपल्याला येतात. नवीन त्यात काहीच नाही. नवीन एवढंच, की कुठलं काम कोणत्या रंगाला आणि कुणी, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल. ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ या वाक्यात कर्ता ‘सर्व’ आहे, म्हणजे कुणीच नाही. ज्या कामाला कर्ता नाही, ते होत नाही. हे मी त्या आजींच्या उंबऱ्यावर शिकलो.

तिसरी गोष्ट, साइटवर स्वतःचा पर्जन्यमापक ठेवा. इशारा जिल्ह्याचा असतो, पाऊस मात्र आपल्या कुंपणात पडतो. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि नाशिक शहरात सातशेच्या आसपास. म्हणून तर आता घाटाचा इशारा वेगळा काढून दिला जातो. तो वाचताना ‘नाशिक’ या शब्दाशी थांबू नका, पुढचा ‘घाट’ शब्दही वाचा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहराची ही दोन टोकं! काचेची साधी मोजनळी असली तरी चालेल; फक्त ती झाड-भिंतीपासून दूर, मोकळ्यावर बसवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असतो, म्हणून आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येईल.

चौथी गोष्ट, लिहून ठेवा. इशारा किती वाजता आला, काय केलं, पाऊस किती पडला, बाहेर पडलेलं पाणी कसं होतं. चार ओळी आणि एक फोटो. मोठा पाऊस झाला की चोवीस तासांत कुंपणाभोवती एक फेरी मारा. नियमपालन म्हणजे तपासनिसाला दाखवायची फाइल, असा आपला समज झाला आहे. माझ्या लेखी ती वही साइटची आठवण आहे. इंजिनियर बदलतो, ठेकेदार बदलतो. गेल्या वर्षी कोणता कोपरा फुटला होता, ते त्या वहीलाच ठाऊक असतं.

*

काही मित्र मला म्हणतात, आमचं सगळं पावसाळ्याआधी तयार असतं, मे अखेरपर्यंत. त्यांना २०२५ ची आठवण करून देतो. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. मे अखेर गाठायची म्हणून चालू असलेली नालेसफाई त्या पावसात सापडली. त्याच २६ मे रोजी मुंबईच्या भूमिगत मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गाजवळची पाणी अडवणारी भिंत कोसळली होती. कॅलेंडर पावसाला बांधत नाही. तयारीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून नव्हे, आभाळाकडून घ्यावी लागते.

दुसरे म्हणतात, इशारा येतो आणि पाऊस येत नाही; लांडगा आला रे आला. हे घडतं, आणि घडणारच. अंदाज म्हणजे शक्यता आहे, वचन नव्हे. पण हिशेब करून पाहा. पाऊस न आल्यामुळे वाया काय गेलं? चार मजुरांचा अर्धा दिवस आणि थोडं डिझेल. झाकलेला ढीग काही खराब होत नाही. उलट पाऊस आला आणि ढीग उघडा असला, तर काय जातं, ते मघाशी सांगितलं.

पैशाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. ज्या कामाची बाब अंदाजपत्रकात नाही, ते काम साइटवर होत नाही. आपल्या निविदांमध्ये खोदकाम, भराव, काँक्रीट, सळई, प्रत्येकाला दर असतो. ताडपत्री, वाळूची पोती, गाळाचा खड्डा उपसणं, पर्जन्यमापक, पावसाच्या रात्री थांबणारा माणूस, यांना दर नसतो. सगळं ‘आनुषंगिक’मध्ये ढकललेलं असतं. मग ठेकेदार पहिली काटछाट तिथेच करतो. माझी इथे बसलेल्या सरकारी आणि खासगी दोन्हीकडच्या अभियंत्यांना विनंती आहे: पावसाच्या पाण्याच्या व्यवस्थेला स्वतंत्र बाब द्या, मोजमाप पुस्तिकेत तिची नोंद घ्या, आणि बिल काढताना त्या चार ओळींची वही मागा.

*

एक गोष्ट शेवटी ठेवली आहे, कारण ती सर्वांत जड आहे. बहुतेक साइटवर सर्वांत सखल जागा कुणाच्या वाट्याला येते? मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांना. कुंपणाच्या भिंतीला टेकून, खड्ड्याच्या कडेला. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला कुंपणाची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. भिंतीमागची माती पाण्यानं भरली की तिचा रेटा वाढतो, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवलं जातं. भिंतीत पाणी जायला भोकं ठेवा, मागे निचरा ठेवा, हेही शिकवलं जातं.

आणि इशारा कुणाच्या फोनवर येतो? शहरातल्या घरी बसलेल्या इंजिनियरच्या. भिंतीखाली झोपलेल्या माणसाकडे फोन असला तरी तो बिहार, झारखंड, नाहीतर आपल्याच नंदुरबारकडून आलेला असतो. त्याला नारिंगी म्हणजे काय, हे कुणी सांगितलेलं नसतं. इशारा सर्वांत उंच मजल्यावर पोहोचतो आणि पाणी सर्वांत खालच्या खोलीत. ही दोन टोकं जोडणं हे आपलं काम आहे. साइटवर रंगाचं एक निशाण लावा. नारिंगी इशारा तर नारिंगी कापड, लाल तर लाल. त्याला भाषा लागत नाही. मजुरांच्या खोल्या आधी उंचावर न्या, मगच सिमेंट.

आपल्यासमोर २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. नाशिकचं पर्व श्रावण-भाद्रपदात येतं. लाखो लोक ऐन पावसाळ्यात गोदेत उतरतात. रस्ते, घाट, पूल, वाहिन्या, जी काही कामं आपण हाती घेतो, त्यांची माती तोवर एकाहून अधिक पावसाळे पाहणार. यात्रेकरूंसाठी बांधलेल्या घाटाचा गाळ यात्रेकरूंच्याच पाण्यात उतरावा, हे या गावाला शोभणार नाही. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुरानं हैदराबादेत हजारो माणसं गेली, तेव्हा निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी नदीच्या काठावर नुसत्या भिंती सुचवल्या नाहीत. ते नदीवर वरच्या अंगाला गेले, पाणी शहरात येण्याआधी थांबवायच्या जागा शोधल्या. पुढे तिथे उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. वरच्या अंगाचा विचार करणं ही त्यांची शिकवण आहे, आणि आपली प्रत्येक साइट कुणाच्या तरी वरच्या अंगाला आहे.

म्हणून आपल्याला हाराहून वेगळं काहीतरी त्यांना वाहायचं असेल, तर उद्या सकाळी आपापल्या साइटवर जाऊन पाच मिनिटांचं एक काम करा. मोकळी जागा पाहून पर्जन्यमापक बसवा. साडेआठ वाजता तो वाचा आणि एका कोऱ्या वहीत पहिला आकडा लिहा. पाऊस नसेल तर शून्य लिहा. त्याच पानावर खाली लिहा: ढीग कुणी झाकायचा, चेंबर कुणी पाहायचं, मजुरांना कुणी उठवायचं. तीन नावं. मग ती वही गेटावर ठेवा, म्हणजे उद्या कुणी आजी आपल्याला विचारतील, पाऊस येणार ते ठाऊक होतं का, तेव्हा ‘हो’ म्हणताना आपल्याला मान खाली घालावी लागणार नाही.